सुभेदारांचा बारावा शब्द

कुंडलपासून सायकलच्या टप्प्यावर असलेल्या त्या गावात पाणीपुरवठा संस्थेचं ऑफिस म्हणजे दोन खोल्या, एक लोखंडी कपाट आणि सेक्रेटरीच्या खुर्चीत ताठ बसलेले सुभेदार लालासाहेब, एवढाच पसारा होता. चौऱ्याण्णवच्या दसऱ्याला त्यात कॉम्प्युटरची भर पडली आणि पुढे वर्षभर गावाला दुसरा विषय म्हणून उरला नाही. आज तिथे शेरडं राखणाऱ्याच्या खिशातसुद्धा त्याहून भारी यंत्र असतं. पण त्या पहिल्या पेटीची सर कशालाच नाही, असं जुनी माणसं अजून सांगतात. जुनी माणसं कशाबद्दलही असंच सांगतात, ही गोष्ट वेगळी.

सुभेदारांनी पंचवीस वर्षं फौजेच्या सिग्नल विभागात काढली होती. पेन्शन घेऊन घरी आले तेव्हा त्यांच्याकडे एक ट्रंक, एक ट्रान्झिस्टर आणि शिस्तीचा न संपणारा साठा होता. पहिल्या दोन गोष्टींचा घरात उपयोग झाला. तिसरी साळूबाईंनी, म्हणजे त्यांच्या कुटुंबाने, पहिल्याच आठवड्यात घराबाहेर काढली आणि ती थेट संस्थेच्या ऑफिसात येऊन पडली.

संस्थेचं पाणी कृष्णेतून उचलून चार मैल पाटाने फिरायचं. कुणाच्या रानाला कोणत्या दिवशी किती तास पाणी, हे ठरवणारी यादी म्हणजे शेजपाळी. ती पूर्वी वहीत लिहिलेली असे, आणि चेअरमन अर्जुना आप्पांच्या खिशातून चिठ्ठी निघाली की वही मिटत असे. आप्पांचं आणि त्यांच्या भावकीचं रान पाटाच्या तोंडाला. बनाबाईंचे तीस गुंठे शेपटाच्या अंगाला. तिथवर पाणी पोचायचं तेव्हा पिकाने माना टाकलेल्या असत. सुभेदारांनी भर सभेत उभं राहून शब्द दिला होता, "यादी एकदा मशीनमदी गेली की चिठ्ठी चालणार न्हाई. तोंडाचा असू द्या न्हाईतर शेपटाचा, ज्याची पाळी त्यालाच पाणी. ह्यात फरक पडला तर ही खुर्ची सोडीन."

आप्पा मिशीत हसले होते. त्यांना खुर्ची रिकामी झालेली चाललीच असती.

मशीन सांगलीहून ट्रकने आलं. सोबत एक तरुण इंजिनिअर होता. एक मोठी पेटी आणि चार पडदे. दोन पडदे ऑफिसात, एक टेलिफोनच्या तारेवरून नदीकाठच्या पंपघरात, आणि एक अर्जुना आप्पांच्या बंगल्यात, कारण त्याशिवाय खरेदीच्या ठरावावर सही झाली नसती. इंजिनिअरने समजावलं की पडद्यांमध्ये स्वतःचं असं काहीच नाही. सगळी अक्कल पेटीत. पडद्यावरून कुणीही काम सांगावं, करणार पेटीच. यादीही तिथेच राहणार. तुम्ही कुठेही बसा, यादी एकच.

"म्हंजी माझ्या बंगल्यातल्या टीव्हीत कायबी न्हाई?" आप्पांनी विचारलं.

"नाही साहेब."

"आन मग चार जणांनी एकदम काम सांगितलं तर?"

इंजिनिअरने प्रोसेसर, मेमरी आणि परफॉर्मन्स असे शब्द घेऊन पाऊण तास खिंड लढवली. सभासद आदबीने ऐकत होते आणि एकेक करून तंबाखू मळायला लागले होते. शेवटी सुभेदार उठले. म्हणाले, "आवं, सोपं हाय. पेटी म्हंजी पाट. चार टीव्ही म्हंजी चार वावरं. पेटी ह्याच्याकडं चिमूटभर पानी सोडती, दार लावती, मग त्याच्याकडं सोडती. हे इतकं झपाट्यानं करती की परत्येकाला वाटतं, पानी आपल्याकडंच चाललंय."

सगळ्यांच्या माना एकदम डोलल्या. धुळा पाटकरी, ज्याचं आयुष्य पाटाची दारं उघडण्यात आणि लावण्यात गेलं होतं, तो तर उभाच राहिला. "म्हंजी पेटीत बी एक पाटकरी हाय!" इंजिनिअरने खिशातून डायरी काढून हे लिहून घेतलं. पुढे तो म्हणे सांगलीत सगळ्यांना असंच शिकवायचा.

मशीन चालवायला नीलिमाला नेमलं. ती बनाबाईंचीच मुलगी. बारावीनंतर सांगलीला कोर्स करून आलेली, कमी बोलणारी, आणि बोलली की समोरच्याला आपली चूक कळायची. सुभेदारांचा तिच्यावर फार जीव. फौजेत असती तर ही पोरगी पाच वर्षांत आपल्या वर गेली असती, असं ते म्हणत, आणि सुभेदारांच्या तोंडून याहून मोठी स्तुती कुणी ऐकली नव्हती.

दिवाळीपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग पेटी एकाएकी मंद झाली. नीलिमाने एखादं नाव मागितलं की ते यायच्या आत चहा पिऊन व्हायचा. शेजारच्या हरणाबाईंनी सांगितलं, दृष्ट लागली, मीठ-मिरच्या ओवाळा. धुळ्याने पेटीच्या मागच्या जाळीतला धुरळा तोंडाने फुंकून स्वतःच्याच डोळ्यांत घेतला. शेवटी नीलिमाने पेटीलाच विचारलं की बाई, तू सध्या कुणाचं काम करते आहेस, आणि पडद्यावर यादी आली. आप्पांच्या बंगल्यातून कुणीतरी पत्रिका जुळवण्याचा प्रोग्रॅम लावून ठेवला होता. आप्पांच्या पुतण्याला सांगून आलेल्या एकशे बारा मुलींच्या पत्रिका पेटी रात्रंदिवस ताडून बघत होती.

"मदीच मोटर टाकून पानी उचलल्यागत झालं की हे," धुळा म्हणाला. त्याच्या धंद्यात याला चोरी म्हणत.

आप्पांना हे कळल्यावर त्यांनी उलटच मागणी केली. चेअरमनच्या कामाला पेटीने आधी पाणी द्यावं, अशी काही सोय आहे का? इंजिनिअरने सोय आहे म्हणून सांगितलं. मशीनचा एक मुख्य परवलीचा शब्द असतो. तो टाकला की पेटी मालक ओळखते. मग कुणाचं काम पुढे, कुणाचं मागे, हे ठरवता येतं. शेजपाळी बदलता येते. नवी पाळी लावून छापायची तर तीही त्या शब्दावाचून छापत नाही. "हा शब्द फक्त एकाच माणसाला ठाऊक असावा," इंजिनिअरने बजावलं.

सहकारी संस्थेत एकाच माणसाला ठाऊक असणं ही गोष्टच बसत नाही. त्यासाठी सभा बोलवावी लागली.

"एकट्या सुभेदारास्नी ठावं, आन उद्या सुभेदार गेलं तर?" एका सभासदाने विचारलं.

"कुठं गेलं तर?" सुभेदारांनी विचारलं.

"न्हाई, आपलं बोलायचं म्हनून. समजा, गेलं."

पुढचा अर्धा तास सुभेदारांच्या मरणावर साधकबाधक चर्चा झाली. ते अचानक होईल की आजारपणाने, आजारपणात वाचा शाबूत राहील का, असे बारीक मुद्दे निघाले. सुभेदार ताठ बसून ऐकत होते. अखेर सर्वानुमते ठरलं की गुप्त शब्द संस्थेचा आहे, तेव्हा तो संस्थेनेच ठरवावा. ठराव क्रमांक सात: मशीनचा गुप्त शब्द 'कृष्णामाई' असा ठेवण्यात यावा. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, टाळ्यांच्या गजरात मंजूर. ठराव इतिवृत्तात लिहिला गेला. पुढल्या सभेत मोठ्याने वाचून कायम झाला. एक प्रत नोटीस बोर्डावर लागली, सभासदांच्या माहितीसाठी. एक प्रत मंजुरीला वरच्या कार्यालयात गेली आणि तिथून शेरा आला: 'सदर शब्द गुप्त असल्याबाबतचा दाखला जोडलेला नाही.' पंपघरात धुळ्याने तो शब्द खडूने भिंतीवर, स्टार्टरच्या बाजूला, वायरमनच्या नंबराखाली लिहून ठेवला.

सुभेदारांनी भिंतीवरचा खडू पाहिला त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. पंचवीस वर्षं ज्यांनी रोज बदलणारे संकेत तोंडपाठ केले आणि कागद जाळून राख बुटाखाली चिरडली, त्यांचा गुप्त शब्द वायरमनच्या नंबराखाली! पुढच्या सोमवारी सकाळी, नीलिमा यायच्या आधी, त्यांनी आयुष्यातला पहिला बेकायदेशीर उद्योग केला. ठराव क्रमांक सात मोडून शब्द बदलला. कुणाला सांगितलं नाही, कुठे लिहिला नाही. आणि एकदा बदलून शांत बसले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण सिग्नलचा शिरस्ता होता की संकेत जुना होऊ द्यायचा नाही. ते दर सोमवारी शब्द बदलू लागले.

पहिल्या सोमवारी स्वतःचा फौजी नंबर टाकला. दुसऱ्या सोमवारी रायफलचा. मग वायरलेस सेटचा, मग जबलपूरच्या बराकीचा. पाचव्या सोमवारी म्हशीचं नाव. असं करत करत बाराव्या सोमवारी सुभेदारांकडे आयुष्यातले आकडे संपले. त्या सकाळी न्याहरीला बसल्या बसल्या त्यांनी जे सुचलं ते मनाशी धरलं, ऑफिसात जाऊन टाकलं, आणि दुपारच्या एसटीने पुतणीच्या लग्नाला सहकुटुंब दहिवडीकडे गेले. माणदेशातलं लग्न, तिथून जत्रा, तिथून आजारी मेव्हण्याची विचारपूस, असे अठरा दिवस मोडले.

परत आले तो एप्रिल संपत आलेला. उन्हाळी भुईमूग पाण्याला आसुसलेला. गुरुवारपासून नवी पाळी सुरू होणार होती, आणि यंदा पहिल्यांदाच शेपटाकडून सुरुवात धरली होती. बनाबाईंचा नंबर अकरावा होता. सुभेदार मशीनपुढे बसले, बोट उचललं, आणि बोट तसंच राहिलं.

शब्द आठवत नव्हता.

त्यांनी घाम पुसला. म्हशीचं नाव टाकलं, रायफलचा नंबर टाकला, बराक टाकली. पडद्याने ओळख दाखवली नाही. तिसऱ्या चुकीला पडदा बंदच पडला. तीन चुका झाल्या की ते दार कायमचं लावायचं, असं सांगलीच्या इंजिनिअरने सुरक्षेसाठी करून ठेवलं होतं, आणि ते करा म्हणून सुभेदारांनीच हट्ट धरला होता.

बातमी गावात पसरायला विडी पेटायला लागतो तेवढा वेळ लागला. बंगल्यातल्या पडद्यावर आप्पांनी स्वतःचं नाव टाकलं, मग वडिलांचं, मग घाईत पुन्हा स्वतःचं. तो पडदा गेला. पंपघरात धुळ्याने मदत म्हणून भिंतीवर बघून तीन वेळा 'कृष्णामाई' टाकलं. तोही गेला. उरला ऑफिसातला दुसरा पडदा. त्याच्याभोवती चाळीस माणसं जमली. साळूबाई चहाची किटली घेऊन आल्या होत्या, त्याही दारात थांबल्या.

"वैनीचं नाव टाका की," कुणीतरी म्हणालं. "मान्साला दुसरं काय आटवतंय?"

सुभेदार कावरेबावरे झाले. चारचौघांत बायकोचं नाव त्यांनी कधी घेतलं नव्हतं. पण टाकलं. पडदा म्हणाला, चूक.

"मग म्हशीचं बगा," हरणाबाई म्हणाल्या.

"ते पाचव्या आठवड्यात झालं," सुभेदारांच्या तोंडून निसटलं.

साळूबाईंनी किटली खाली ठेवली. "म्हशीचं झालं," त्या म्हणाल्या. "रायफलीचं झालं?"

"दुसऱ्या."

"आन माझं एकदाबी न्हाई?"

"आगं, तुझं नाव गावाला ठावं हाय. सुरक्षेच्या दृष्टीनं..."

"बरं." एवढंच म्हणून साळूबाई निघून गेल्या. किटली तिथेच राहिली आणि चहा कुणी ओतून घेण्याचं धाडस केलं नाही.

त्या गडबडीत कुणीतरी फौजी नंबर टाकला. पुन्हा चूक. तिसऱ्यासाठी हात पुढे आला तेव्हा नीलिमाने दोन्ही पंजे कीबोर्डवर ठेवले. "एकच संधी राहिली," ती म्हणाली. "आता कुणी हात लावायचा नाही."

सांगलीला फोन लावला. इंजिनिअर म्हणाला, घाबरू नका, अडीअडचणीसाठी मी एक फ्लॉपी करून दिली होती, ती पेटीत घाला. फ्लॉपी कपाटात होती. तिच्यावर हळदीकुंवाचा जाड थर होता. मशीन आलं ते खंडेनवमीच्या तोंडावर, आणि त्या दिवशी संस्थेने पंप, पान्हे, फावडी यांच्या बरोबरीने फ्लॉपीचीही यथासांग पूजा केली होती. वरची पत्र्याची झडप सरकवून आतल्या काळ्या चकतीला बोटाने कुंकू लावायला अर्जुना आप्पा विसरले नव्हते. त्यावर तांब्यातलं पाणीही शिंपडलं होतं. इंजिनिअरने हे सगळं पुन्हा एकदा वदवून घेतलं. मग म्हणाला, आता सगळं पुसून नव्याने भरावं लागेल. बारा दिवस धरा.

"बारा दिवस पानी थांबत न्हाई," आप्पा खिशातून पेन काढत म्हणाले. "तोवर मी देतो चिठ्ठ्या. सुभेदार, तुमी खुर्चीचं काय म्हणाला व्हता?"

सुभेदारांना त्या क्षणी खुर्चीपेक्षा नीलिमाचा चेहरा सहन होईना. तिच्या आईचा भुईमूग आणखी दोन पाण्यांवर होता, आणि चिठ्ठ्या सुरू झाल्या की ती दोन पाणी कुठल्या रानात जाणार हे सगळ्या गावाला माहीत होतं. आपण चोराला बाहेर ठेवायला कुलूप लावलं आणि किल्ली विहिरीत टाकली, असं सुभेदारांना वाटलं, आणि त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

"काका," नीलिमा म्हणाली, "शब्द राहू द्या. त्या सोमवारी सकाळी काय काय केलं ते सांगा."

सुभेदारांनी डोळे मिटले. "न्याहरी केली. भांडं फिरवून बगितलं. बुडाला नाव आन तारीख व्हती. म्हटलं, झकास. तेच टाकलं."

"कुठलं भांडं?"

ते मात्र आठवेना.

आपल्याकडे लग्नामुंजीत, बारशात, वास्तुशांतीत दिलेल्या प्रत्येक भांड्यावर देणाऱ्याचं किंवा घेणाऱ्याचं नाव आणि तारीख कोरलेली असते. सुभेदारांच्या घरात अशी त्रेसष्ट भांडी निघाली. अर्धं गाव अंगणात बसलं आणि धुळ्याने एकेक भांडं उलटं करून मोठ्याने वाचायला घेतलं. साळूबाई उंबऱ्यात पाठ करून बसल्या होत्या. त्यांनी आत जायला अडवलं नाही आणि मदतही केली नाही.

"परात. 'हरणाबाई कोंडीबा, शहात्तर'."

"आगंबाई!" हरणाबाई ओरडल्या. "आमी ही परात चोरीला गेली म्हनून बारा वर्सं शोधतोय!"

"तांब्या. 'अर्जुना, याचे लग्नप्रीत्यर्थ'."

आप्पा तांब्याकडे पाहत राहिले. मग एक पातेलं निघालं, ते शाळेचं. एक पळी देवळाची. सुभेदारांनी जन्मात कुणाची काडी उचलली नव्हती, आणि गावजेवणाच्या गर्दीत अदलाबदल झालेली ही भांडी आज चाळीस साक्षीदारांसमोर एकामागून एक त्यांच्या दारात उलटी होत होती. ते ताठ उभे होते, पण कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. प्रत्येक भांड्याला मान नकारार्थी हलवत होते. "न्हाई. हे न्हाई. ल्हान व्हतं. तळव्यात मावलं व्हतं."

साळूबाईंनी तोंड फिरवलं नाही, पण त्या पहिल्यांदा बोलल्या. "सोमवार व्हता नव्हं? मग उपास व्हता. भगर केलती. दही कशात दिलं व्हतं?"

"वाटीत," सुभेदार म्हणाले.

"कुठल्या?"

सुभेदार जमलेल्या लोकांकडे बघून खाकरले. साळूबाई हळूहळू वळल्या. नवऱ्याकडे बघता बघता त्यांच्या चेहऱ्यावरचा राग जागचा हलला, पण कुठे जावं हे त्याला कळेना.

"ती वाटी?" त्या म्हणाल्या.

सत्तर साली, लग्नानंतरच्या पहिल्या रजेवर, लालासाहेबांनी मिरजेला गाडी बदलताना एक स्टीलची वाटी घेतली होती. त्या काळी स्टीलचं अप्रूप होतं. नाव घालून देणाऱ्याने विचारलं, काय घालू? जवान लालासाहेबांनी आजूबाजूला कुणी ओळखीचं नाही ना हे पाहून घेतलं आणि सांगितलं, 'साळू'. आणि त्या दिवसाची तारीख.

"नाव ध्यानात आलं," सुभेदार पुटपुटले. "तारीख न्हाई येत."

"न्हाईच येनार तुमाला तारीख," साळूबाई म्हणाल्या. मग नीलिमाकडे वळल्या. "पोरी, गावाला निघताना तुझ्या आईला कैरीचं लोणचं दिलं, ते त्याच वाटीतनं. हाय तुमच्या घरात."

नीलिमा धावत गेली. परत आली ती बनाबाईंना घेऊनच. बनाबाईंनी वाटी पदराखाली झाकली होती आणि इतकी माणसं बघून त्या अंगणाच्या कडेलाच थांबल्या.

"वैनी, तवाच आणायची व्हती," त्या खाली बघत म्हणाल्या. "पर रिकामी कशी आणायची? म्हटलं, शेंगा निघाल्या की भरून आणू. शेंगांस्नी अजून दोन पानी पायजेत. आज लेकीनं वडून आणलं म्हनून आली, न्हाईतर मी रिकामी वाटी घेऊन तुमच्या दारात आली नसती."

साळूबाई उठल्या, पुढे गेल्या आणि बनाबाईंच्या हातून वाटी घेतली. उलटी करून बघितली. बराच वेळ बघत राहिल्या. पत्र लिहिता यावं म्हणून त्या लग्नानंतर अक्षरं शिकल्या होत्या.

"चला हापिसात," त्या म्हणाल्या.

शेवटच्या पडद्यापुढे सुभेदार बसले. चष्मा अंगणात भांड्यांच्या ढिगात राहिला होता आणि पंचवीस वर्षं राखेने घासलेली तारीख त्यांना दिसेना. आणायला जायला कुणी तयार नव्हतं, कारण गेलेल्या माणसाला पुढचं बघायला मिळालं नसतं. सुभेदारांनी फर्मान सोडलं, "सगळ्यांनी भिंतीकडं तोंड करा!" आवाजात कवायतीची धार होती. संस्थेचं सबंध संचालक मंडळ, चेअरमनसकट, भिंतीकडे वळलं. अर्जुना आप्पांच्या नाकासमोर ठराव क्रमांक सात होता.

साळूबाई खुर्चीपाशी वाकल्या आणि नवऱ्याच्या कानाशी हळूच एकेक आकडा सांगू लागल्या. सुभेदार एका बोटाने टाकत गेले. आधी नाव, मग तारीख. गावाच्या समोर, पाठ करून उभ्या असलेल्या का होईना, ती दोघं इतकी जवळ कधी आली नव्हती. शेवटच्या आकड्यावर सुभेदारांचं बोट टेकलं. साळूबाईंनी त्यावर आपलं बोट ठेवलं आणि दाबलं.

पेटी गुरगुरली. पडद्यावर शेजपाळी उलगडली. मग प्रिंटर किरकिरायला लागला आणि तो आवाज ऐकून लोक परवानगीची वाट न बघता वळले. कागद सरकत बाहेर आला. एक, दोन, तीन. अकरा नंबरला बनाबाईंचं नाव होतं, तास होते, वार होता. धुळ्याने यादी घडी करून टोपीत घातली आणि खोरं उचललं. आप्पांनी पेन पुन्हा खिशाला लावलं. घरी जाताना मात्र ते आपला तांब्या न विसरता घेऊन गेले.

पुढच्या सभेत विषय निघालाच की नवा शब्द ठराव करून इतिवृत्तात घ्यावा. सुभेदार काही बोलायच्या आत बनाबाई उभ्या राहिल्या. सभेत त्या पहिल्यांदाच बोलत होत्या. "शब्द वाटीवर हाय," त्या म्हणाल्या. "वाटी कुठं आसती ते वैनीस्नी ठावं हाय. येवढं लिवा, बास." तसंच लिहिलं गेलं. वरच्या कार्यालयाने त्यावर काय शेरा मारला ते कळलं नाही, कारण सुभेदारांनी तो ठराव वर पाठवलाच नाही. हा त्यांचा दुसरा बेकायदेशीर उद्योग.

मशीन आणखी सात वर्षं चाललं. सुभेदारांनी शब्द पुन्हा बदलला नाही. सिग्नलच्या नियमाने ती अक्षम्य हयगय होती आणि नीलिमाने ते एकदा त्यांच्या लक्षातही आणून दिलं. ती आता पुण्यात अशाच कुठल्यातरी मोठ्या पेट्यांची राखण करते. त्या पेट्या कुठे असतात हे तिलाही नक्की माहीत नसतं म्हणे, आणि पडदे लाखांनी असतात. नव्या पोरांना पाळी समजावताना ती पाटकऱ्याचं उदाहरण देते.

पण ते सगळं नंतरचं. त्या साली जूनच्या तोंडावर एका सकाळी सुभेदार ओसरीवर पेपर वाचत होते. बनाबाई आल्या. डोक्यावर पाटी होती, पण आधी पदराखालून त्यांनी वाटी काढली आणि साळूबाईंच्या हातात दिली. ओल्या, माती झटकलेल्या, टपोऱ्या शेंगांनी ती शिगोशीग भरली होती. दोन शेंगा खाली पडल्या.

साळूबाईंनी शेंगा सुपात ओतल्या आणि वाटी धुऊन, पुसून, नवऱ्यासमोर धरली. "तारीख सांगा," त्या म्हणाल्या.

सुभेदारांनी पेपर खाली ठेवला, डोळे मिटले आणि न चुकता सांगितली.